उजळ लाकूड, गडद लाकूड आणि आखणीची पेन्सिल

आबनुसाची किंवा शिसमाची फळी रंधून समोर घेतली, गुण्या (काटकोन धरायचं अवजार) लावला, हातातल्या शिसपेन्सिलीने रेष ओढली आणि गुण्या उचलला, की बऱ्याचदा रेष सापडतच नाही. मग आपण पेन्सिल आणखी दाबतो. रेष तरीही दिसत नाही, लाकडावर चर मात्र पडतो. मेपल किंवा बीचसारख्या पांढरट लाकडावर याच्या नेमकं उलट होतं. तिथे रेष लगेच दिसते, पण काम संपल्यावर निघता निघत नाही, आणि पुसली गेली असं वाटलेली रेष तेलाचा पहिला हात फिरवताच पुन्हा वर येते.

आखणीच्या रेषेकडून आपल्याला दोन गोष्टी हव्या असतात. करवत चालवताना ती स्वच्छ दिसली पाहिजे आणि पॉलिशच्या वेळी तिचा मागमूस राहता कामा नये. उजळ लाकडावर दिसणं सोपं आणि निघणं अवघड. गडद लाकडावर दिसणंच अवघड, आणि रेष दिसावी म्हणून जो पांढरा रंग वापरावा तोच पुढे लाकडात अडकून बसतो. म्हणून ‘उजळावर काळी, गडदावर पांढरी’ एवढ्या नियमावर भागत नाही. पेन्सिल हातात घेतानाच ती रेष पुढे कशी काढायची आहे, हे ठरलेलं असावं लागतं.

शिसपेन्सिलीच्या आत काय असतं

नाव शिसपेन्सिल, पण तिच्यात शिसं नसतं. आतली काडी ग्राफाइटची, म्हणजे कार्बनच्याच एका रूपाची. पूर्वी ग्राफाइट हा शिशाचाच प्रकार समजला जाई. तो कार्बन आहे हे १७७९ साली रसायनशास्त्रज्ञ कार्ल शेले यांनी दाखवून दिलं, तोवर नाव पक्कं चिकटलेलं होतं. पुढे फ्रान्स आणि ब्रिटन यांच्यातल्या युद्धामुळे इंग्लंडच्या खाणीतलं उत्तम ग्राफाइट फ्रान्सला मिळेनासं झालं. तेव्हा निकोला-जाक कोंते यांनी ग्राफाइटची भुकटी चिकणमातीत मळून, तिच्या काड्या भट्टीत भाजून पेन्सिली तयार केल्या आणि १७९५ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. माती वाढवली की काडी कडक आणि फिकी, ग्राफाइट वाढवलं की नरम आणि गर्द. पेन्सिलीवरची अक्षरं आजही तेच सांगतात. ‘एच’च्या आधीचा आकडा जितका मोठा तितकी काडी कडक, ‘बी’च्या आधीचा आकडा जितका मोठा तितकी ती नरम. एचबी आणि एफ या दोन्ही मधल्या.

चित्रकाराला याचा अर्थ छटांच्या भाषेत लागतो, सुतारकामात वेगळ्या. कडक काडीचं टोक टिकतं, रेष बारीक राहते, पण लाकूड चेपतं. नरम काडी लाकडाला इजा करत नाही, पण टोक चार रेषांत बोथट होतं, रेष रुंदावते आणि हाताच्या घामाने पसरते. शिवाय ग्राफाइट थराथरांनी बनलेलं असतं. ते थर सुटून लाकडावर आडवे बसतात, म्हणून शिसपेन्सिलीच्या रेषेला चमक असते. गडद लाकडावर हीच चमक उपयोगी पडते. तिकडे येऊच.

आधी फळीची परीक्षा

लाकडाच्या नावावरून पेन्सिल ठरवू नये. एकाच झाडाच्या दोन फळ्यांत रंगाचा मोठा फरक असू शकतो, आणि करवतीने कापलेल्या खडबडीत फळीचा रंग रंधल्यावर पार बदलतो. त्याच कामाच्या लाकडाचा एक वाया जाणारा तुकडा घ्या, अंतिम कामाइतकाच गुळगुळीत करा आणि जिथे प्रत्यक्ष काम करणार त्याच उजेडात ठेवा. त्यावर नुकतं टोक काढलेल्या एचबी पेन्सिलीने, जोर न लावता, तंतूंना आडवी एक रेष ओढा. आता करवत धरताना डोळा जितक्या अंतरावर असतो तितक्या अंतरावरून पाहा. मान तिरकी न करता रेष दिसली, तर ते लाकूड ग्राफाइटचं. मान वळवल्यावर, उजेड बाजूने घेतल्यावर दिसली, तर ते मधलं. कशानेच दिसली नाही, तर गडद.

पाईन, ॲश, बीच, मेपल, रबरवुड ही बहुधा पहिल्या गटात येतात. सागवान आणि महोगनी बहुतेक वेळा मधल्या गटात, आणि फळी जुनी, उन्हाने काळवंडलेली असली तर त्याच्याही पुढे. अक्रोड मधल्या आणि गडदाच्या सीमेवर. शिसम, वेंगे, आबनूस गडद. पण शेवटी तुकड्यावरची रेष काय सांगते ते खरं.

तो तुकडा टाकून देऊ नका. त्यावर हाताशी असतील त्या सगळ्या पेन्सिलींच्या रेषा ओढा, प्रत्येकीपुढे तिचं नाव लिहा, मग अर्ध्या भागातल्या रेषा खोडून, रंधून, जे पॉलिश शेवटी लावणार तेच लावून पाहा. अर्ध्या तासाचं काम आहे, पण कोणत्याही तक्त्यापेक्षा तो तुकडा जास्त शिकवतो.

उजळ लाकूड : किती कडक पेन्सिल घ्यायची

उजळ लाकडावर कोणतीही शिसपेन्सिल दिसते, त्यामुळे मोह होतो तो जास्तीत जास्त कडक पेन्सिल घेण्याचा, कारण तिची रेष सुरेख बारीक येते. मीही एका मेपलच्या पाटाची सगळी आखणी ४एच पेन्सिलीने केली होती. रेषा केसासारख्या आल्या होत्या. काम झाल्यावर खोडरबराने पुसल्या, ग्राफाइट पूर्ण निघालं, आणि पाट नितळ दिसला. तेल लावून खिडकीजवळ ठेवला तेव्हा बाजूच्या उजेडात प्रत्येक रेषेच्या जागी एक नाजूक खाच उभी राहिली. रंग गेला होता, पण तंतू चेपले होते. पूर्ण पृष्ठभाग पुन्हा रंधावा लागला.

म्हणून माझा कल असा आहे : मेपल, बीच यांसारख्या घट्ट आणि उजळ लाकडावर सांध्यांच्या बारीक आखणीला २एच, आणि तीही हलक्या हाताने. ३एचच्या पुढे जाण्याचं कारण मला आजवर मिळालेलं नाही. जी बाजू पुढे रंधली जाणार किंवा सांध्याच्या आत लपणार, तिथे कडक पेन्सिल चालते. जी बाजू आता आहे तशीच पॉलिशला जाणार, तिथे एचबीच बरी.

पाईनसारख्या मऊ लाकडाचं गणित निराळं आहे. त्यात वार्षिक वलयांचे पट्टे एकाआड एक मऊ आणि कठीण असतात. तंतूंना आडवी रेष ओढताना लक्ष देऊन पाहिलं तर पेन्सिल मऊ पट्ट्यात बुडते आणि कठीण पट्ट्यावर चढताना उडी मारते, हे हाताला जाणवतं. रेष ठिपक्याठिपक्यांची दिसू लागते. इथे कडक टोक मऊ पट्ट्यात नांगरासारखं घुसतं, म्हणून एफ किंवा एचबी घ्यावी आणि एकाच जोरकस ओढीऐवजी दोनदा हलकेच फिरवावी. तंतूंच्या दिशेने आखताना धोका दुसरा असतो. कठीण पट्ट्याची कड टोकाला आपल्या वाटेने ओढून नेते आणि रेष पट्टीपासून नकळत सुटते. पट्टी घट्ट धरा, पेन्सिल पट्टीकडे किंचित कलती ठेवा आणि पहिली ओढ जवळजवळ बिनवजनाची घ्या. पहिली रेष सरळ पडली की दुसरी तिच्यामागून जाते.

२बी किंवा त्याहून नरम पेन्सिल उजळ, रंधलेल्या पृष्ठभागावर वापरू नये. तिची भुकटी हाताला लागते, हातावरून फळीवर उतरते, आणि ती काढायला सॅंडपेपर घासला की रंध्रांत जाऊन बसते. ॲशसारख्या मोठ्या रंध्रांच्या लाकडात तर एक राखाडी झाक कायमची राहते. नरम पेन्सिलीची जागा खडबडीत, न रंधलेल्या फळीवर. तिथे बारीक टोक कामाचंच नसतं. फळीचे तुकडे पाडताना, कुठला भाग कशासाठी हे लिहिताना सुताराची चपटी पेन्सिल किंवा मेणखडू घ्यावा.

चपट्या पेन्सिलीबद्दल दोन शब्द, कारण तिला कमी लेखलं जातं. ती चपटी आहे ती उतारावर गडगडू नये म्हणून, आणि आतली काडीही चपटी असल्यामुळे सहज मोडत नाही. सुरीने तासून तिची काडी पटाशीसारखी धारदार केली आणि धार रेषेच्या दिशेने धरली, तर रेष बरीच बारीक येते आणि खूप वेळ टिकते. तिची जाडी सगळीकडे सारखी असते, त्यामुळे ती जमिनीवर आडवी ठेवून वस्तूभोवती सरकवली की जमिनीपासून एकसारख्या उंचीवर रेष उमटते. डुगडुगणाऱ्या स्टुलाचे पाय सारखे करायला याहून सोपी युक्ती नाही. स्टूल आधी पाचरी सारून स्थिर करायचा, एवढंच.

यांत्रिक पेन्सिल

दाबून काडी पुढे येणाऱ्या पेन्सिलीचा फायदा उघड आहे : टोक काढावं लागत नाही आणि रेषेची जाडी बदलत नाही. ०.५ मिमीची काडी कागदावर उत्तम, लाकडावर मात्र तंतूंना आडवी जाताना पटापट मोडते. ०.७ मिमी बरी, आणि ०.९ मिमी मला सर्वांत भरवशाची वाटते. काडी एकदीड मिलिमीटरपेक्षा जास्त बाहेर काढू नये. २ मिमीच्या काडीची चिमटा-पेन्सिल हाही चांगला पर्याय, कारण तिच्यात वेगवेगळ्या कडकपणाच्या आणि रंगीतही काड्या बदलून घालता येतात, पण तिला टोक काढावं लागतं. लांब निमुळत्या धातूच्या तोंडाच्या, २.८ मिमी काडीच्या पेन्सिली मिळतात. त्या एका खास कामासाठी ठेवाव्यात : बिजागरीच्या किंवा पट्टीच्या भोकातून खालच्या लाकडावर खूण उतरवण्यासाठी. साध्या पेन्सिलीचं टोक तिथपर्यंत पोचत नाही किंवा तिरकं टेकून खूण एका बाजूला सरकवतं.

मधल्या रंगाचं लाकूड

सागवानावर आणि महोगनीवर एचबी किंवा बी चालते. फळी नुकती रंधलेली हवी. तेलकटपणा जाणवत असेल तर आखणीच्या जागी स्पिरिटचा कापड फिरवून वाळू द्यावं, ग्राफाइट नीट धरतं. पांढऱ्या पेन्सिलीकडे वळण्याआधी इथे एक गोष्ट जरूर करून पाहा : डोक्यावरचा दिवा विझवा आणि एक छोटा दिवा फळीच्या पातळीला, बाजूला ठेवा. अक्रोडावर वरच्या उजेडात न दिसणारी एचबीची रेष बाजूच्या उजेडात चंदेरी होऊन उठते. मघाशी सांगितलेली ग्राफाइटची चमक ती हीच. दिवा असा ठेवा की त्याचा उजेड रेषेवरून परतून तुमच्या डोळ्याकडे येईल. बऱ्याच वेळा प्रश्न पेन्सिलीचा नसून दिव्याच्या जागेचाच असतो.

गडद लाकूड

आता मुख्य अडचण. गडद लाकडावर उजळ रेष हवी आणि उजळ रेषेच्या पेन्सिली स्वभावाने नरम असतात. त्यांचे तीन प्रकार साधारण हाती लागतात आणि तिन्ही दिसायला सारखे, वागायला वेगळे.

पहिला, चित्रकलेची पांढरी रंगीत पेन्सिल. तिच्यात पांढरं रंगद्रव्य मेणात किंवा तेलात बांधलेलं असतं. रेष ठळक येते, हाताने सहज पुसली जात नाही, पण मेण मागे राहतं. खोडरबराने ती पूर्ण निघत नाही. उरलेल्या मेणावर पॉलिश नीट धरत नाही. सांध्याच्या ज्या पृष्ठभागांवर गोंद लागणार तिथे या पेन्सिलीने लिहूही नये. दुसरा, खडूसारखी कोरडी, पेस्टल जातीची पांढरी पेन्सिल. ही सहज झटकली जाते, हाच तिचा गुण आणि हाच दोष : आखणी चालू असतानाच हाताखाली पुसली जाते. तिसरा, पाण्यात विरघळणारी पांढरी किंवा पिवळी काडी. ओल्या फडक्याने निघते खरी, पण मोठ्या रंध्रांच्या लाकडात पाणी रंगद्रव्याला आत घेऊन जातं.

रंध्रांचा हा मुद्दा गडद लाकडात सर्वांत महत्त्वाचा आहे आणि सर्वांत उशिरा लक्षात येतो. वेंगेच्या तुकड्यावर खडूची पेन्सिल एकदा जोरात फिरवा, मग पुसा आणि भिंग घेऊन पाहा. वरचा पृष्ठभाग काळा, स्वच्छ. पण प्रत्येक रंध्राच्या लांबट खाचेत पांढरी भुकटी ठासलेली, जणू कुणी फळीवर बारीक बारीक पांढरे टाके घातलेत. ब्रश मारून थोडी निघते. पॉलिशचा हात दिला की उरलेली तिथेच कोंडली जाते आणि गडद पार्श्वभूमीवर आयुष्यभर दिसत राहते. आबनुसासारख्या घट्ट, बारीक पोताच्या लाकडावर हा त्रास फारच कमी.

म्हणून गडद लाकडात निवड रंगाआधी पोतावरून करावी. पोत बारीक असेल तर कोरडी पांढरी पेन्सिल निर्धास्त वापरा, मात्र टोक सतत करत राहा. पोत उघडा, म्हणजे रंध्रं मोठी असतील आणि रेष दिसणाऱ्या बाजूवर पडणार असेल, तर पांढरी पेन्सिल टाळून खालच्या दोन मार्गांपैकी एक घ्या. रेष पुढे रंधली जाणार असेल किंवा आत लपणार असेल, तर कोणतीही उजळ पेन्सिल चालेल. तांबूस-काळ्या लाकडावर पांढऱ्यापेक्षा पिवळी पेन्सिलही एकदा आजमावून पाहा. काही फळ्यांवर ती डोळ्याला जास्त सोपी जाते.

पहिला मार्ग सुरीचा. आखणीच्या सुरीने कापलेल्या रेषेला रुंदी जवळजवळ नसतेच. पेन्सिलीची रेष कितीही बारीक असली तरी तिला दोन कडा असतात आणि कापायचं कोणत्या कडेवर हा प्रश्न उरतो. सुरीच्या रेषेत तो प्रश्न नाही, वर पटाशीची धार त्या चिरेत आपसूक बसते. सुरीची सपाट बाजू गुण्याला टेकवा, पहिला हात हलका, दुसरा थोडा दाबून, गरज पडली तर तिसरा. गडद लाकडात ही चीर बाजूच्या उजेडात स्वच्छ दिसते. तरी नजर पुरत नसेल आणि पोत बारीक असेल, तर कोरड्या पांढऱ्या पेन्सिलीचा हलका हात चिरेवरून आडवा फिरवा आणि बोटाने पुसा. पृष्ठभागावरची भुकटी जाते, चिरेतली राहते, आणि कोणत्याही पेन्सिलीने येणार नाही इतकी बारीक पांढरी रेष मिळते. उजळ लाकडावर हीच युक्ती उलटी करता येते. सुरीच्या चिरेतून धारदार शिसपेन्सिल फिरवली की चिरेच्या दोन्ही ओठांवर राखाडी कड उमटते. सांधा तासत नेताना एका बाजूची कड जाऊन दुसरी राहिली, की नेमकं रेषेवर पोचलो हे कळतं.

सुरी कुठे वापरू नये हेही सांगायला हवं. जिथे कापायचं नाही तिथे चीर पाडू नका. बिजागरीची अंदाजे जागा, फळीचा मध्य, भोकाची दिशा, हे सगळं पेन्सिलीचं काम आहे. पेन्सिलीची चूक खोडता येते, चिरेची रंधावी लागते.

दुसरा मार्ग कागदी मास्किंग टेपचा, आणि डव्हटेलसारख्या, म्हणजे कबुतराच्या शेपटीच्या आकाराचे दाते एकमेकांत बसणाऱ्या, बारकाव्याच्या सांध्याला मला तो फार आवडतो. गडद फळीच्या आखायच्या भागावर टेप चिकटवा, नखाने किंवा लाकडी पट्टीने घासून कडा बसवा. टेप उजळ असल्याने त्यावर साधी एचबी छान दिसते. खुणा पेन्सिलीने करा, तपासा, मग पट्टी लावून सुरीने टेपसकट लाकडात चीर द्या आणि वाया जाणाऱ्या भागावरची टेप सोलून काढा. आता टेपची कड हीच रेष झाली : उजळ भाग ठेवायचा, गडद भाग काढायचा. लाकडावर रंगाचा एक कणही लागलेला नसतो. तेलकट लाकडावर टेप उचलते, तेव्हा आधी स्पिरिटने पुसा. आणि ती दिवसेंदिवस लावून ठेवू नका, चिकटा मागे राहतो.

एकाच फळीत दोन्ही रंग

शिसमाच्या आणि अक्रोडाच्या फळीत बरेचदा गडद गाभ्याशेजारी सालीकडचा पांढुरका पट्टा येतो. आडवी रेष ओढली की शिसपेन्सिल पांढुरक्या भागात दिसते आणि गाभ्यात हरवते, पांढरीचं नेमकं उलट. अर्धी रेष एकीने आणि अर्धी दुसरीने काढायला गेलं तर जोडावर हमखास पायरी पडते, कारण दोन टोकांची जाडी आणि पट्टीपासूनचं अंतर सारखं नसतं. इथे पूर्ण रुंदीभर सुरीचीच एक सलग चीर द्यावी. मग पांढुरक्या भागातली चीर शिसपेन्सिलीने आणि गडद भागातली पांढऱ्या पेन्सिलीने भरावी. रंग दोन असले तरी रेष एकच राहते. गडद लाकडात उजळ लाकडाचं जडावकाम करतानाही हाच क्रम ठेवावा.

टोक काढणं आणि रेष ओढणं

शार्पनरमधून निघालेलं शंकूसारखं टोक एका फळीलाही पुरत नाही. कटरने लाकूड तासून सहासात मिलिमीटर काडी उघडी करा आणि २२० नंबरच्या सॅंडपेपरवर तिच्या समोरासमोरच्या दोन बाजू घासून पटाशीसारखी धार आणा. सॅंडपेपरचा एक तुकडा लाकडी ठोकळ्यावर चिकटवून जवळच ठेवलेला बरा. या धारेची सपाट बाजू पट्टीला टेकते, त्यामुळे रेष पट्टीच्या अगदी कडेला पडते आणि झिजली तरी जाड होत नाही. पांढऱ्या पेन्सिलीला मात्र इतकं लांब टोक देऊ नका, मोडतं. दोनतीन मिलिमीटर पुरे, आणि धार दर दोन रेषांनी पुन्हा घासा. रंगीत पेन्सिल जमिनीवर पडली तर तिची काडी आतल्या आत तुटते आणि मग टोक काढताना एकेक तुकडा गळत राहतो. म्हणून त्या पेन्सिली खिशात किंवा फळीच्या काठावर न ठेवता पेटीत ठेवाव्यात.

आखताना क्रम असा ठेवा. पेन्सिलीचं टोक किंवा सुरीची धार आधी खुणेवर टेकवा, मग गुण्या सरकवत तिला भिडवा, मग रेष ओढा. गुण्या आधी नजरेने खुणेवर लावला तर पेन्सिलीच्या जाडीइतकी चूक हमखास येते. मापपट्टी जाड असेल तर ती कडेवर उभी करा, म्हणजे तिच्या रेघा लाकडाला टेकतील. सपाट ठेवलेल्या जाड पट्टीवरून तिरकं पाहिलं तर माप सरकतं. चार भाग सारखे हवे असतील तर प्रत्येक माप मागच्या खुणेपासून न घेता एकाच टोकापासून घ्या. नाहीतर प्रत्येक रेषेच्या जाडीची चूक पुढच्या खुणेत जमा होत जाते.

रेष ओढल्या ओढल्या वाया जाणाऱ्या बाजूला फुली मारा. गडद लाकडावर हे दुप्पट गरजेचं, कारण तिथे नजर आधीच रेष शोधण्यात अडकलेली असते आणि करवत चुकीच्या बाजूला लागते. फुली जाडजूड मारायला हरकत नाही, तो भाग कापून जाणारच आहे. उघड्या पोताच्या फळीवरही तिथे मेणाची पांढरी पेन्सिल खुशाल चालवा.

काय वापरू नये

बॉलपेन आणि मार्कर लाकडापासून लांब ठेवा. शाई तंतूंतून पसरते, फळीच्या कापलेल्या टोकातून खोल शोषली जाते, आणि पॉलिशमधल्या द्रावकाने पुन्हा विरघळून वर येते. दुसरी जपण्याची चीज म्हणजे कॉपिंग पेन्सिल. कोरडी असताना ती शिसपेन्सिलीसारखी राखाडी दिसते, पण तिच्यात रंग मिसळलेला असतो आणि ओल लागताच रेष गर्द जांभळी होते. ओल्या, ओबडधोबड लाकडावर खूण टिकावी म्हणून ती उपयोगी, पण उजळ लाकडाच्या दर्शनी बाजूवर तिचा एक ठिपकाही पाण्याच्या पॉलिशखाली पसरेल. पेटीत जुन्या पेन्सिली असतील तर ओल्या कागदावर एकेक ओढून पाहा आणि जांभळी होईल ती वेगळी काढा.

रेष काढणं

इथे क्रम चुकला की आधीची सगळी काळजी वाया जाते. सॅंडपेपर सर्वांत शेवटी. आधी पांढरं, मऊ खोडरबर तंतूंच्या दिशेने फिरवा. रंगीत किंवा खरखरीत खोडरबर नको, त्याचा रंग उजळ लाकडाला लागतो. मग ब्रशने भुकटी झटका. उरलेली झाक स्पिरिटच्या फडक्याने उचला, आणि दर वेळी फडक्याची कोरी घडी वापरा, नाहीतर तेच ग्राफाइट आपण पसरवत बसतो. मेणाच्या पांढऱ्या रेषेला स्पिरिटपेक्षा टर्पेंटाइन बरं. यानंतरही काही राहिलं तर धारदार रंध्याने किंवा स्क्रेपरने (लाकूड खरवडायच्या पोलादी पात्याने) एक पातळ ढलपी काढा. ढलपी रेषेला घेऊनच जाते, सॅंडपेपर तिची भुकटी करून रंध्रांत भरतो.

दोन इशारे. शिसम आणि पडौक यांचा स्वतःचाच रंग स्पिरिटमध्ये उतरतो. शेजारी उजळ लाकूड जोडलेलं असेल तर तो तांबूस रंग तिकडे वाहतो, तेव्हा अशा ठिकाणी ओलं फडकं न लावता स्क्रेपरच घ्या. आणि ओक किंवा तसल्या टॅनिनयुक्त लाकडावर पाण्याने पुसल्यावर पोलादी लोकर घासू नका. लोखंडाचे कण ओलीत टॅनिनशी मिळून काळे डाग पाडतात, आणि ते पेन्सिलीच्या रेषेपेक्षा कितीतरी हट्टी असतात.

पॉलिश उघडण्याआधी शेवटची तपासणी. दिवा बाजूला ठेवा, कोऱ्या लाकडावर स्पिरिटचा एक हात फिरवा आणि ते वाळायच्या आत फळी डोळ्याच्या पातळीला आणून पाहा. स्पिरिट वाळेपर्यंत लाकूड पॉलिश केल्यासारखं दिसतं. राहिलेली रेष, दबलेली खाच, रंध्रातला पांढरा ठिपका, जे काही उद्या दिसणार आहे ते आत्ताच दिसतं. रंग उतरणाऱ्या शिसम-पडौकच्या जोडकामावर ही तपासणी कोरड्यानेच, नुसत्या बाजूच्या उजेडात करा. जिथे काही दिसेल तिथे टेपचा तुकडा लावून खूण करा, पेन्सिलीने नको.